लॅपटॉपलाही टाइप-सी चार्जर, पण मोबाइलचा चालेल का?

युरोपीय महासंघात २८ एप्रिल २०२६ पासून विक्रीला येणाऱ्या नव्या लॅपटॉपला यूएसबी टाइप-सीची सोय बंधनकारक आहे. मोबाइल, टॅबलेट, कॅमेऱ्यांना हाच नियम २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. चार्जरशिवाय उपकरण घेण्याचा पर्यायही कंपन्यांनी ग्राहकाला द्यायचा आहे. भारतातही भारतीय मानक ब्युरोनं २०२३ मध्ये टाइप-सीचं मानक जाहीर केलं.

मग घरातल्या मोबाइलच्या चार्जरवर लॅपटॉप चालेल? पिन बसेल, एवढंच खात्रीनं सांगता येतं.

कारण टाइप-सी हे पिनच्या आकाराचं नाव आहे. वीज किती जाणार, हे 'पॉवर डिलिव्हरी' म्हणजेच पीडी या मानकानुसार ठरतं. वायर जोडताच चार्जर आपल्याला किती व्होल्ट आणि किती अँपिअर देता येतात ते कळवतो आणि लॅपटॉप त्यातून हवं ते मागतो. त्यामुळे ४५ वॉटच्या लॅपटॉपला १०० वॉटचा पीडी चार्जर लावला म्हणून बॅटरी जळत नाही. उलट २० वॉटचा लावला तर तो अगदी हळू चार्ज होतो किंवा चार्जिंग नाकारतो.

मोबाइलच्या खोक्यावर '८० वॉट' लिहिलेलं असतं, तिथे खरी फसगत होते. अनेकदा तो वेग कंपनीच्या स्वतःच्या तंत्रानं मिळतो, पीडीनं नाही. असा चार्जर लॅपटॉपला त्याहून खूपच कमी वीज देऊ शकतो.

केबलचं काय?

केबलकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअर वाहून नेते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. ५ अँपिअरसाठी केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागते. ती नसेल तर १०० वॉटचा महागडा चार्जरही ६० वॉटवरच थांबतो. २०२१ मध्ये पीडीची कमाल मर्यादा १०० वरून २४० वॉटवर गेली (४८ व्होल्ट, ५ अँपिअर), पण त्यासाठी चार्जर, केबल आणि लॅपटॉप तिन्ही त्या क्षमतेचे हवेत. भारी गेमिंग लॅपटॉप २४० वॉटहून जास्त वीज खातात, त्यांची जाड वीट इतक्यात सुटत नाही.

खरेदी करताना जुन्या चार्जरवरचे 'आउटपुट'चे आकडे पाहा. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असेल तर गुणाकार ६५ वॉट. तेवढ्याच किंवा जास्त वॉटचा, 'पीडी' लिहिलेला चार्जर घ्या. दोन-तीन पोर्टचा असेल, तर सगळे वापरात असताना एकेका पोर्टला किती वॉट मिळतात हेही विचारा. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा सगळ्यांची बेरीज असतो.