वर्तुळ नको, आधी नकाशा हवा

फेब्रुवारी २०२५च्या अखेरीस वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या खेर्डा गावच्या पोल्ट्रीत मरतुक सुरू झाली. काही दिवसांतच ६,८००हून अधिक कोंबड्या दगावल्या. तपासणीत बर्ड फ्लूचं निदान झालं. अशा वेळी काय करायचं, हे नियमात ठरलेलं आहे: एक किलोमीटरचं बाधित क्षेत्र, त्यापुढे दहा किलोमीटरपर्यंत निगराणी. म्हणजे नकाशावर वर्तुळ उमटतं ते शेड रिकामं झाल्यावर.

त्या हिवाळ्यात राज्यात आणखी काय घडत होतं? डिसेंबरच्या शेवटी नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. कारण बर्ड फ्लूच. जानेवारीत उदगीरला कावळे मरून पडले, उरणजवळ चिरनेरला कोंबड्या गेल्या. या घटना एकमेकींशी जोडलेल्या होत्या, असं म्हणण्याची गरज नाही. पण विषाणू राज्यात फिरतो आहे, एवढं समजायला त्या पुरेशा होत्या. ही माहिती पोल्ट्रीवाल्याच्या दारात वेळेत पोहोचली, तर तो खाद्याची गाडी फाटकाबाहेर थांबवतो, शेडच्या तोंडाशी चुना टाकतो, जाळीची भोकं बुजवतो.

आधी सांगणारी यंत्रणा देशात नाही, असंही नाही. बंगळुरूची ‘निवेदी’ ही संस्था जनावरांच्या रोगांचा जिल्हानिहाय अंदाज दोन महिने आधी देते. काम मोलाचं आहे. अडचण ‘जिल्हानिहाय’ या शब्दात आहे. वाशीमचे सहा तालुके एका रंगात रंगवून कोणाचं भागणार? कारंजाला काळविटांचं अभयारण्य आहे, मानोऱ्याकडे डोंगर-जंगल, रिसोडकडे पैनगंगेचा काठ. शिवाय कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. पाणवठा, पाखरं, जनावरं आणि वाहतूक प्रत्येक ठिकाणी निराळी, म्हणून धोकाही निराळा. धोक्याचा नकाशा गावाच्या शिवारापर्यंत उतरायला हवा.

आणि तो फक्त कोंबड्यांचा असून चालणार नाही. किडे आणि जनावरांमार्फत माणसांत येणारे ताप विदर्भाने पुरेसे भोगले आहेत. १९६५मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुऱ्यात सापडलेला विषाणू गावाच्याच नावाने ओळखला जातो. तो पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यातल्या ओलसर कोपऱ्यात वाढते. २००३मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात या तापाने दीडशेहून अधिक मुलं गेली. २०१८मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली. हा ताप उंदरांच्या अंगावर पोसलेल्या किडीच्या अळीने होतो. चावल्या जागी अनेकदा काळी खपली धरते. काखेत किंवा जांघेत असली तर ती दिसतही नाही. सोयाबीनच्या निंदणाला गेलेल्या बाईला ताप आला, तर ही खपली शोधायची हे डॉक्टरांच्या लक्षात हवं. वेळेत ओळखलं तर डॉक्सिसायक्लिनसारखी स्वस्त गोळी काम करते.

खपलीची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, गाभडलेल्या गाईची पशुवैद्यकीय दवाखान्यात, मेलेल्या पाखरांची वन विभागाकडे. तिन्ही वह्या महिन्यातून एकदा तालुक्याच्या एका टेबलावर याव्यात. त्यात कुत्रा चावल्याच्या नोंदी, पोल्ट्रींची ठिकाणं आणि तलाव यांची भर घातली की नकाशाचा कच्चा आराखडा तयार होतो. त्यासाठी उपग्रहाची वाट पाहायची गरज नाही. गावोगावी आशा ताई आहेत, पशुधन पर्यवेक्षक आहेत.

खरा अडसर भीतीचा आहे. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. ज्याच्या शेडमध्ये सगळंच संपलं त्याच्या हाती काय येतं? कर्जाचा हप्ता तर चुकत नाही. अशा माणसाने पहिल्या दहा कोंबड्या मेल्याबरोबर फोन करावा, असं वाटत असेल तर त्या फोनचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. वेळेत कळवणाऱ्याला मेलेल्या पक्ष्यांचीही अंशतः भरपाई द्यावी आणि नकाशावर त्याचं नाव नव्हे, फक्त शिवार दिसावं.

११ डिसेंबर २०२२ला नागपुरात पंतप्रधानांनी समृद्धी महामार्गाच्या नागपूर-शिर्डी टप्प्याचं लोकार्पण केलं आणि त्याच दिवशी राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची कोनशिला बसवली. माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र पाहण्यासाठीच ही संस्था आहे. तिचं पहिलं गावपातळीचं काम वाशीममध्ये व्हावं, यासाठी जिल्हा परिषदेने ठराव करून पाठवावा. पुढच्या हिवाळ्याआधी कारंजा तालुक्यापासून सुरुवात करता येईल, आणि त्याचा खर्च जिल्हा नियोजन समितीला न पेलण्याइतका नाही.