दीड हजार फेरे, नऊ हजार फेरे

आमच्या धाराशिवकडं विहिरीवर पाच अश्वशक्तीचं डिझेल इंजिन धुगधुगायचं. मिनिटाला दीड हजार फेरे, पाणी पाटात पडलं की मिस्त्री मोकळा. शर्यतीचं इंजिन बांधणाऱ्याला अशी उसंत नाही. इंग्लंडच्या कीथ डकवर्थनं १९५८ साली माइक कॉस्टिनसोबत कॉसवर्थ ही कंपनी काढली. नावातच दोघांची आडनावं अर्धी-अर्धी. पुढं फोर्डनं लाखभर पौंड दिले आणि डकवर्थनं तीन लिटरचं, आठ सिलिंडरचं डीएफव्ही इंजिन उभं केलं. सुमारे चारशे अश्वशक्ती, फेरे नऊ हजार! खरी करामत मात्र वेगळीच. पुढं चालक बसतो तो सांगाडा, मागं गिअरबॉक्स आणि मधलं इंजिनच गाडीचा कणा. खालून वेगळी चौकट नाहीच. आमच्या मिस्त्रीला सांगितलं असतं तर त्यानं विडी विझवून आधी बोल्ट मोजले असते. ४ जून १९६७ रोजी नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला हे इंजिन पहिल्यांदा फॉर्म्युला वन शर्यतीत उतरलं आणि चालक जिम क्लार्कनं ती जिंकली. मला मोठेपणा दिसतो तो पुढच्या गोष्टीत: हे इंजिन विकत मिळायचं, त्यामुळं छोट्या संघांनाही मैदान खुलं झालं. १९८३ मध्ये डेट्रॉईटला या इंजिनाच्या घराण्याचा शेवटचा विजय झाला, एकूण विजय १५५.