सरवा वेचणारा खेळ

कापणीनंतर सरवा वेचताना नजर कशी जमिनीला खिळलेली असते! ‘युका-लेली’ हा व्हिडिओ गेम तसाच आहे. १९९८ सालचा ‘बॅन्जो-काझुई’ करणाऱ्यांपैकी काही जणांनी इंग्लंडात त्याच जुन्या धर्तीवर तो केला. २०१७ साली तो बाजारात आला. यात सरडा आणि वटवाघूळ ही जोडी उड्या मारत, कानेकोपरे धुंडाळत पुस्तकाची हरवलेली सोनेरी पानं गोळा करते. पानं एकूण १४५. पण शेवटच्या लढतीला १०० पुरतात. उरलेल्या ४५ पायी पोरगं रात्री जागू लागलं, तर लगेच रागावू नका. शेजारी बसा, एक पान त्याच्याबरोबर शोधा. मग सांगा, “बाळा, सरव्यातलं थोडं पाखरांनाही ठेवावं. चल, झोप आता.”