आठ फुटांची अढी

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला थोडी रजा जोडून मी अमेरिकेला निघालो, तेव्हा ताईने माझ्या बॅगेत ३ किलो चकलीची भाजणी कोंबली आणि कानात एक काम घातले. "तुझा भाचा गॅरेजात लाकडं तासत बसतो म्हणे. कॅलिफोर्नियातली मोठी नोकरी त्यापायी नाकारली त्यानं. हे सहा महिने त्याच्याशी बोललेले नाहीत. तू मराठीचा प्राध्यापक. चार शब्द सांग आणि ताळ्यावर आण त्याला."

मराठीच्या प्राध्यापकाच्या शब्दांनी कोणी ताळ्यावर आल्याचे माझ्या आजवरच्या नोकरीत मला आठवत नाही. पण ताईला नाही म्हणण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

भाचा राहतो व्हरमाँट राज्यात. डोंगर, झाडी आणि हिवाळ्यात बर्फच बर्फ. दिवसभर संगणकापुढे बसून पोट भरायचे आणि संध्याकाळी गॅरेजात शिरायचे, असा त्याचा क्रम. गॅरेजात मोटार नव्हतीच. ती बिचारी बाहेर बर्फात कुडकुडत होती आणि आत टेबलावर स्की बनत होत्या. स्की म्हणजे पायांना बांधून बर्फावरून घसरत जायच्या लांब पट्ट्या. मी आपला समजत होतो, एक फळी तासायची, पुढचे टोक वाकवायचे, की झाली स्की! हजारो वर्षांपूर्वी ते तसेच होतेही. स्वीडनमध्ये दलदलीत सापडलेली लाकडी स्की पाच हजार वर्षांहून जुनी आहे.

"मामा, ही फळी नाही, चिरोटा आहे," भाचा म्हणाला.

आणि खरोखरच तो चिरोटा होता. तळाला गुळगुळीत प्लॅस्टिकचा थर, त्याच्या दोन्ही काठांना पोलादी कडा, वर काचतंतूंचे कापड, मग मधोमध जाड आणि टोकांना निमुळते होत गेलेले लाकूड, पुन्हा काचतंतू, आणि सर्वांत वर शोभेचा थर. चिरोट्यात साटा, तसा इथे प्रत्येक थरात इपॉक्सी. फरक एवढाच, की चिरोट्याचे पापुद्रे सुटले तर सुगरणीचे कौतुक होते. स्कीचे सुटले तर माणूस आडवा होतो.

तसा तो आदल्या हिवाळ्यात झालाही होता. पहिलीच जोडी घेऊन डोंगरावर गेला, दुसऱ्या फेरीत एका वळणावर डाव्या स्कीचे टोक पुस्तकासारखे उघडले आणि गुडघा मुरगळला. "आईला सांगू नकोस," असे त्याने मला बजावले होते. ताई हा अंक दरवर्षी घेते, हे मला ठाऊक आहे. पण आता तो गुडघा बरा आहे.

चूक कोठे झाली होती? थंडीत. इपॉक्सी आपल्याला अगदीच परके नाही. नळ गळू लागला की आपण एम-सीलच्या दोन रंगांच्या वड्या एकत्र मळतो, तीही इपॉक्सीच. पण ती 'वाळते' असे आपण म्हणतो, ते चूक. भिजलेले धोतर वाळते, कारण पाणी उडून जाते. इपॉक्सीतून काहीच उडून जावे लागत नाही. राळ आणि तिला घट्ट करणारे दुसरे द्रव्य, यांचे रेणू एकमेकांत गुंतून जाळे विणतात. थोडक्यात, ती विरजण्याच्या जातीची आहे. थंडीच्या दिवसांत दुधाला विरजण लावून पातेले तसेच ओट्यावर ठेवले, तर सकाळी काय हाती लागते, ते प्रत्येक घरात माहीत आहे. भाच्याने पहिली जोडी थंड गॅरेजात तशीच ठेवली होती. वरून हाताला कडक लागली, आत मात्र विणकाम अर्धेच झाले होते. उष्णता दहा अंशांनी वाढली की या विणकामाचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. उतरली की तोच हिशेब उलटा.

आता तुम्ही म्हणाल, ही क्रिया स्वतःच उष्णता देते ना? देते. त्याचा पुरावा मीच दिला. मला मदतीची हौस आली, म्हणून भाच्याने राळ वजन करून मिसळायला दिली. हातमोजे चढवून मी ती नीट घोटली आणि फोन वाजला म्हणून पेला तसाच बाकावर ठेवून आत गेलो. परत येतो तो पेल्यातून धूर! हात लावायची सोय नव्हती. भाच्याने तो पेला चिमट्याने अंगणातल्या बर्फात नेऊन ठेवला आणि मला एक अक्षर बोलला नाही, हे त्याच्या आईचे संस्कार. पेल्यात राळ एकवटलेली असते, तिची ऊब तिच्यातच कोंडते आणि क्रिया भडकते. तीच राळ स्कीच्या थरांत कागदासारखी पातळ पसरली, की तिची ऊब आजूबाजूला निघून जाते. म्हणून तिला बाहेरून ऊब द्यावी लागते.

त्यासाठी त्याने पेटी केली होती. दुकानात घरांच्या भिंतींत घालायचे फोमचे तक्ते मिळतात, ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब, दोन्ही अंगांना चांदीसारखा वर्ख. ते कापून आठ फूट लांबीची पेटी, सांध्यांवर वर्खाचीच पट्टी, आत एक छोटा विजेचा हीटर आणि ठरलेल्या अंशाला त्याची वीज तोडणारे यंत्र. आपल्या आंब्याच्या अढीसारखेच काम. बाहेरचा गारवा आत येऊ द्यायचा नाही.

स्की आधी साच्यावर ठेवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केली आणि पंपाने पिशवीतली हवा ओढून घेतली. मग बाहेरची हवाच तिला दाबून धरते. हा दाब जवळजवळ दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. भाच्याने हिशेब करून दाखवला, अख्ख्या स्कीवर दीड टनाच्या आसपास भार. साधा श्वास घेतो ती हवा, पण अंगात काय ताकद!

रात्री आठला पेटीचे झाकण लागले. पन्नास अंश गाठायचे आणि सहा तास टिकवायचे. फोम पेट घेऊ शकतो, म्हणून तिला एकटी सोडायची नाही. आम्ही दोघे खुर्च्या टाकून बसलो, तेव्हा भाच्याने मला हॉवर्ड हेडची गोष्ट सांगितली. हा विमानाच्या कारखान्यातला इंजिनिअर. १९४८ साली नोकरी सोडून ॲल्युमिनियमच्या स्की करायला बसला. भांडवल काय, तर पोकरमध्ये जिंकलेले ६००० डॉलर! त्यानेही स्की पिशवीत घालून जुन्या फ्रिजच्या पंपाने हवा ओढली होती, आणि उष्णतेसाठी लोखंडी टाकीत मोटारीचे वापरलेले तेल शेगडीवर पावणेदोनशे अंशांपर्यंत तापवून ती पिशवी त्यात बुडवली होती. करंज्याच म्हणा! पहिल्या सहा जोड्या घेऊन तो याच व्हरमाँटमधल्या स्टो गावी आला आणि सहाच्या सहा मोडल्या. १९५० साली त्याची स्की बाजारात उभी राहिली, तोवर तो तळत राहिला होता.

"त्याचे वडील काय म्हणत होते रे?" मी विचारले. भाचा हसला नाही.

अकराच्या सुमारास हीटर बंद पडला. पुन्हा लावला, दहा मिनिटांत पुन्हा बंद. काटा अडतिसावर अडकला. राळ अर्धवट विरजलेली, पिशवी उघडता येत नाही, आणि महिन्याभराचे काम आत. भाचा हीटर उलटासुलटा करून पाहू लागला. त्याचा चेहरा पाहवेना. मला एवढेच सुचले की पुण्यात आता सकाळचे साडेनऊ असतील आणि भाऊजी पेपर वाचत असतील.

भाऊजींचा सारा जन्म पिंपरीच्या एका कारखान्यात, रंग भाजायच्या भट्टीवर गेला. मी फोन लावला आणि अडचण सांगितली. कोणाची, ते सांगितले नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"हीटर पेटीच्या आत आहे?"

"हो."

"मग बंद पडणारच. आपलीच तापलेली हवा परत ओढतोय तो. त्याच्यातली सुरक्षेची कळ त्याला तोडते. बाहेर काढा त्याला. भोक पाडून तोंड आत ठेवा, पाठ बाहेर. त्याला थंड हवा पिऊ दे. दुसऱ्या टोकाला तळहाताएवढी वाट ठेवा. आणि अंश मोजणारी तार कुठे आहे?"

मी भाच्याकडे पाहिले. "हीटरजवळ," तो म्हणाला.

"गाढव आहे," भाऊजी म्हणाले. भाच्याचा आवाज त्यांनी ओळखला होता. "हवा मोजून काय करणार? साच्याच्या खाली लाव. लांबच्या टोकाला. हवा वीस मिनिटांत तापते, साच्याला दोन तास लागतात. त्याला फोन दे."

मी फोन दिला आणि आत जाऊन चहा टाकला. परत आलो तेव्हा भाचा गुडघ्यांवर बसून करवतीने फोम कापत होता आणि फोन जमिनीवर ठेवलेला. त्यातून भाऊजींचा आवाज येत होता, "हळू, हळू. वर्ख फाटू देऊ नकोस."

दोनला पन्नास गाठले. सकाळी आठला हीटर बंद केला, पण झाकण काढायचे नाही, असा पुण्याहून हुकूम होता. गरम असताना साच्यावरून उचलली तर थर आपापल्या परीने आकसतात आणि स्कीचा बाक बिघडतो. म्हणून दुपारपर्यंत तिष्ठत बसणे आले. भाऊजींचा दर तासाला फोन. त्यांच्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले, तरी माणूस जागा! अठ्ठावीस अंशांवर परवानगी मिळाली. भाच्याने स्की पिशवीतून काढली, नाण्याने टोकापासून टोकापर्यंत टकटक वाजवीत नेली. कोठेही पोकळ आवाज आला नाही. तोही पुण्यात ऐकवावा लागला.

मग ताईने फोन हातात घेतला. "काय रे, बोललास का त्याच्याशी?"

"नाही गं," मी म्हटले. "रात्रीपासून त्याचा फोनच मोकळा नाही."