शेतकऱ्याचे कागद परक्या संकेतस्थळावर कशाला?

योजनांचे अर्ज ऑनलाइन झाले, हे बरेच झाले. तालुक्याचे हेलपाटे कमी झाले, पण त्यांच्या जागी सेवा केंद्रातली रांग आली. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचे पासबुक, सामाईक खातेदारांचे संमतीपत्र अशा पाच-सहा कागदांचे मोबाइलवर फोटो काढायचे. आणि 'सगळे मिळून एकच पीडीएफ जोडा' म्हटले की घोडे अडते.

मग काय होते? केंद्रावरचा मुलगा इंटरनेटवरचे एखादे फुकट संकेतस्थळ उघडतो, फोटो तिकडे चढवतो आणि जोडलेली पीडीएफ उतरवून घेतो. काम पाच मिनिटांत होते, हे खरे. पण आपला आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि सही कुठल्या मुलखातल्या कुणाच्या संगणकावर गेली, हे ना त्याला ठाऊक ना आपल्याला. कोऱ्या कागदावर सही करू नये, असे आपण पोरांना बजावतो. मग इथे गप्प का?

वास्तविक या कामाला इंटरनेट लागतच नाही. पायथॉन ही संगणकाची भाषा फुकट मिळते. 'आयएमजी-टू-पीडीएफ' आणि 'पिलो' ही तिची अवजारेही फुकट आहेत. त्यांच्या जोरावर पाच-पंचवीस ओळींत कमांड लाइनचे साधन तयार होते. कमांड लाइन म्हणजे ती काळी खिडकी, जिथे माउस न हलवता हुकूम टाइप करायचा. दिसायला ओबडधोबड, पण एकच हुकूम शंभर खातेदारांच्या शंभर फोल्डरवर चालवता येतो. खटके दाबत बसणाऱ्याला ते जमायचे नाही.

साधन करताना चार गोष्टी सांभाळाव्यात. एक, फाइलींचा क्रम. संगणक अक्षरांनुसार लावतो, म्हणून १ नंतर १० येतो आणि २ मागे राहतो. ०१, ०२ अशी नावे द्यावीत. दोन, मोबाइलचा फोटो आडवा पडतो. तो सरळ करण्याची खूण फोटोतच असते, ती वाचावी. तीन, आकार. मोबाइलचा एकेक फोटो तीन-चार एमबीचा भरतो आणि अर्ज तो घेत नाही. ए-फोर कागदाला साधारण १२४० बाय १७५४ ठिपके वाचण्यापुरते होतात. फोटो एकदाच तेवढा लहान करावा. पुढे पीडीएफमध्ये जेपीईजी चित्र जसेच्या तसे बसते. पुन्हा दाबले की गट नंबर फुसकट होतो आणि अर्ज परत येतो. चार, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा शक्यतो मूळ पीडीएफच जोडावा. फोटो काढला की ती स्वाक्षरी तपासता येत नाही.

तालुक्यातल्या आयटीआयमध्ये, महाविद्यालयांत संगणक शिकणारी आपलीच मुले आहेत. त्यांच्या गुरुजनांनी हे काम प्रकल्प म्हणून द्यावे आणि तयार साधन केंद्रांना फुकट वाटावे. ग्रामपंचायतींनीही केंद्रचालकांना स्पष्ट सांगावे की, गावकऱ्यांचे कागद गावातल्याच संगणकावर जोडा आणि काम झाले की फोटो पुसून टाका.

आणि शेतकरी बांधवांनीही खिडकीपाशी उभे राहून एवढे विचारावेच, 'बाबा रे, माझे कागद कुठं चढवतोयस?' विचारायला पैसे पडत नाहीत.