फुकटची चिपसुद्धा परवडत नाही तेव्हा...

इंटेलच्या युरोपातल्या खटल्यातला एक आकडा काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीने एका संगणक उत्पादकाला दहा लाख प्रोसेसर चक्क फुकट देऊ केले, आणि त्याने घेतले फक्त एक लाख साठ हजार! सगळे घेतले असते तर इंटेलकडून घेतलेल्या बाकीच्या लाखो प्रोसेसरवरची सूट गेली असती. युरोपियन कमिशनने २००९ साली इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड केला, तेव्हा हे उदाहरण दिले होते.

"अहो, स्वस्त विकणे हा काय गुन्हा झाला?" असे कुणीही विचारेल. नाहीच आहे. मोठे असणे हाही गुन्हा नाही. पण सूट कशावर मिळत होती ते बघा. एनईसीने ८० टक्के, एचपीने व्यावसायिक डेस्कटॉपसाठी ९५ टक्के चिप्स इंटेलच्याच घ्याव्यात, अशा अटी कमिशनने नोंदवल्या आहेत.

गणित हा माझा विषय कधीच नव्हता, पण एवढे पाटीवर मांडता येते. समजा, एखाद्याला शंभर चिप्स हव्यात. त्यातल्या ऐंशी इंटेलच्याच घ्याव्या लागतात, कारण गिऱ्हाईक तेच नाव मागते. प्रश्न उरलेल्या वीसचा. एका चिपला शंभर रुपये धरा, आणि सगळ्या शंभर घेतल्या तरच दहा टक्के सूट. म्हणजे शंभर चिप्सचे ९००० रुपये. ऐंशीच घेतल्या तर सूट नाही, ८००० मोजा. मग दुसऱ्याने त्या वीस चिप्स १००० रुपयांत द्यायला हव्यात, म्हणजे पन्नासला एक! मोठ्याची चिप नव्वदला पडते, धाकट्याने मात्र पन्नासला विकायची, तेव्हा कुठे बरोबरी. याला मी तरी सूट म्हणणार नाही.

आता माझे हे आकडे मनातले. न्यायालयाला खरे लागतात, आणि ते बरोबरच आहे. कमिशनचे विश्लेषण अपुरे म्हणून २०२२ साली दंड रद्द झाला, २०२४ साली तो निकाल कायम झाला. एचपी, एसर, लेनोवो यांनी एएमडीचे संगणक उशिरा आणावेत किंवा आणूच नयेत म्हणून दिलेले पैसे मात्र बेकायदाच ठरले. त्यासाठी कमिशनने २०२३ मध्ये ३७ कोटी ६० लाख युरोंचा वेगळा दंड लावला.

पण व्यवहार २००२ ते २००७ मधले आणि निकाल २०२४ चा! इतक्या वर्षांत चिपच्या किती पिढ्या येऊन गेल्या. माझे म्हणणे असे, की बाजाराचा ७० टक्के हिस्सा हातात असलेल्या कंपनीला अशी अट घालायचीच असेल, तर ती निरुपद्रवी आहे हे आधी तिने सिद्ध करावे. आज हे ओझे तक्रार करणाऱ्याच्या डोक्यावर आहे. मीडिया-सॅटर्न या दुकानांच्या साखळीला फक्त इंटेलचे संगणक ठेवण्यासाठी पैसे मिळत होते, असे कमिशनचे म्हणणे होते. त्या दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाने तक्रार तरी कशाची करायची? दुसरा संगणक तिथे मांडलेलाच नव्हता.