ओट्यावर खिळे

इन्स्टाग्रामवर 'पोर्च मेकओव्हर'ची रील्स बघा. वेताच्या दोन खुर्च्या, मध्ये बुटकं टेबल, कोपऱ्यात मनीप्लांट, वर पिवळ्या दिव्यांची माळ. सगळं सुंदर, पण तिथे बसलेलं माणूस क्वचितच दिसतं. दिसलं तर ते घरमालकच असतं. तिसऱ्या कुणाची तिथे अपेक्षाच नाही.

माझं भांडण खुर्च्यांशी नाही. दारातली बैठक फक्त घरच्यांच्या आरामासाठी असते, ही जी समजूत झालीय तिच्याशी आहे.

आपल्याकडे या जागेला शब्द कमी नव्हते. कोकणात पडवी आणि ओटी, देशावर सोपा आणि ओसरी, खानदेश-विदर्भात ओटा. गोव्यात बल्कांव, आणि त्यात दाराच्या दोन्ही बाजूंना बांधून काढलेली बैठक, म्हणजे सोपो. ओटा आणि सोपो या दोघांत एक गोष्ट समान आहे: बैठक बांधलेली असते. खुर्ची संध्याकाळी उचलून आत नेता येते, ओटा नेता येत नाही. मालक झोपला तरी तो बाहेरच राहतो, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी.

आणि तो आरामशीर असतो. मांडी घालता येईल इतका रुंद, पाठीला भिंत, वर उतरतं छप्पर, समोर वाहता रस्ता. पायाखाली सारवण किंवा शहाबादी फरशी. विल्यम व्हाइट या अमेरिकन अभ्यासकाने न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून लोक कुठे बसतात ते पाहिलं. 1980 साली आलेल्या त्याच्या पुस्तकाचा निष्कर्ष हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे: बसायला जागा असेल तिथे लोक बसतात. कठडा एक ते तीन फूट उंच असला तरी चालतो. म्हणजे डिझायनर लागत नाही, मनाई नसली की पुरे.

आपण नेमकी मनाईच बांधतोय. दुकानांच्या पायऱ्यांवर अणकुचीदार सळ्या, कठड्यांवर तिरक्या फरश्या, सोसायटीच्या गेटवर 'येथे बसू नये'. नव्या इमारतीत तळमजला पार्किंगला दिला जातो. जिथे ओटा असायचा तिथे आता गाडी उभी असते. गाडीला सावली मिळाली, माणसाची गेली.

याची किंमत कोण मोजतं? रात्री साडेदहाला तुमची बिर्याणी आणणारा मुलगा पुढच्या ऑर्डरची वाट बघत दुचाकीवरच बसतो. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी दोन कामांच्या मधला अर्धा तास जिन्यात काढतात. केरळमध्ये 2018 साली आणि तमिळनाडूत 2021 साली दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्या, असं कायद्यात लिहावं लागलं. बसणं ही मागून घ्यायची गोष्ट झाली, हे आपल्या लक्षातही आलं नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सुरक्षितता. कट्ट्यावर टोळकी बसतात, मुलींना त्रास होतो. त्रास होतो हे खरंच आहे. पण खिळे ठोकल्याने टोळकं पानटपरीवर जातं आणि रस्ता आणखी ओसाड होतो. जेन जेकब्सने 1961 मध्येच मांडलं होतं की रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर लक्ष असणाऱ्या सामान्य माणसांमुळे. सीसीटीव्ही घडून गेलेलं दाखवतो. ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या आजी घडण्याआधी 'काय रे, कोण तू?' म्हणतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईतल्या बायकांवरचं 'व्हाय लॉइटर?' हे 2011 चं पुस्तक याच्याही पुढे जातं: बायकांना निवांत, बिनकामाचं बाहेर असण्याचा हक्क हवा. कट्टा फक्त मुलांचा असेल, तर उपाय कट्टा फोडणं नाही. मुलींनीही तिथे बसणं, हा आहे.

मात्र जुन्या ओट्याचे गोडवे गाणाऱ्यांनाही सोडू नये. तो ओटा सगळ्यांचा कधीच नव्हता. कुणी वर बसायचं आणि कुणी अंगणात उभं राहायचं, हे जात ठरवायची. पुरुष बसलेले असताना घरच्या बाया दाराआडून बोलायच्या. तेव्हा लोखंडाचे खिळे नव्हते, कारण त्यांची गरजच नव्हती. आजची 'येथे बसू नये'ची पाटी त्याच रीतीची सुधारून वाढवलेली आवृत्ती आहे. म्हणून 'जुना ओटा परत आणा' ही मागणी मला मान्य नाही. जो कधी नव्हता तो ओटा हवा.

तो महाग नाही. तुमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची मीटिंग येईल, तेव्हा जिम आणि क्लबहाउसच्या यादीत एक ओळ घालायला लावा: गेटबाहेर, सावलीत, दीड फूट उंच आणि दोन फूट रुंद बांधीव बाक, पाठीला भिंत, शेजारी पिण्याच्या पाण्याचा नळ. पाटी नको. स्वतंत्र घर असेल तर कुंपणाच्या आत दोन खुर्च्या खुशाल ठेवा, पण कुंपणाबाहेर एक कठडाही बांधा.

कुणीतरी विचारेल, 'तिथे कोणीही येऊन बसेल त्याचं काय?' तेव्हा सांगा की तो त्यासाठीच बांधायचा आहे.